केसपेपरवरचा ‘पी.पी.’ नंबर

मुंबईत घरोघरी फोन नव्हते, तो काळ फार जुना नाही. १९७०-८०च्या दशकांत फोनसाठी अर्ज केला की जोडणी मिळेपर्यंत सहज काही वर्षे जात. त्यामुळे लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या पाटीवर, नोकरीच्या अर्जावर फोन नंबर लिहून त्यापुढे ‘पी.पी.’ अशी दोन अक्षरे लिहिण्याची पद्धत होती. अर्थ सगळ्यांना ठाऊक असे : फोन शेजाऱ्यांचा आहे, पण निरोप मिळेल. गिरगाव, लालबाग, परळच्या चाळी सोडून कांदिवली-बोरिवलीकडे राहायला आलेल्या कितीतरी कुटुंबांनी सुरुवातीची वर्षे अशाच नंबरांवर काढली. गावाहून वडिलांच्या आजारपणाचा ट्रंक कॉल शेजारच्या घरी यायचा, तिथल्या काकू गॅलरीतून हाक मारायच्या आणि हातातले काम टाकून माणूस धावत जायचा. फोन दुसऱ्याचा होता, निरोप मात्र ज्याचा त्याला पोहोचत होता.

आज फोन जवळजवळ प्रत्येकाच्या हातात आहे. तरीही ‘पी.पी.’ नंबर परत आला आहे आणि तोही रुग्णालयाच्या केसपेपरवर. कांदिवलीच नव्हे, मुंबईतल्या कोणत्याही सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात सकाळच्या ओपीडीच्या रांगेत पाहावे. खिडकीवर मोबाइल नंबर विचारला की सत्तरी ओलांडलेली आजी पिशवीतून घडी घातलेली चिठ्ठी काढते. त्यावरचा नंबर मुलाचा, सुनेचा किंवा नातवाचा असतो. तो त्या वेळी अंधेरीच्या ऑफिसात, पुण्यात किंवा न्यू जर्सीत असतो. ओटीपी तिथे जातो, रक्ततपासणीच्या अहवालाची लिंक तिथे जाते, पुढच्या तारखेचा संदेशही तिथेच जातो. आजार आजीचा, माहिती नातवाच्या फोनवर. पूर्वीच्या काकू हाक मारायच्या. आताच्या व्यवस्थेत हाक मारण्याचे काम कोणाचे, हे कुठेच लिहिलेले नाही.

तीन पिढ्या तीन वेगवेगळ्या रीतींनी संवाद साधतात, याची चर्चा घरोघरी गमतीने होते. आजोबांना फोन लावून बोलायचे असते, मधल्या पिढीला व्हॉट्सअॅपवर लिहायचे असते आणि विशीतल्या मुलांना फोन वाजलेलाच आवडत नाही. एरवी हे हसण्यावारी नेता येते. घरात आजारपण आले की मात्र या तीन रीतींच्या फटीतून औषधाची मात्रा, तपासणीची तारीख आणि कधी कधी निदानच निसटते. म्हणून हा आरोग्याचा प्रश्न आहे.

सोय झाली, हक्क सुटला

करोनाकाळात या व्यवस्थेची मोठी परीक्षा झाली. लसीकरणाच्या ‘कोविन’ व्यवस्थेत एका मोबाइल नंबरवर चार जणांची नोंदणी करता येत होती. जानेवारी २०२२मध्ये ती मर्यादा सहापर्यंत वाढवण्यात आली. म्हणजे घरातल्या एका फोनवर सगळ्यांचे काम व्हावे, हे सरकारनेच गृहीत धरले होते. मे २०२१मध्ये १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण सुरू झाले, तेव्हा सुरुवातीला या गटाला ऑनलाइन नोंदणी सक्तीची होती. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांनी काय करायचे, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे २०२१च्या आदेशात स्पष्टपणे विचारला. त्या दिवसांत अनेक घरांत नातवंडांनी रात्री जागून आजी-आजोबांसाठी वेळ मिळवली, हे कौतुकास्पदच होते. त्यातून वृद्धांना लस मिळाली. पण त्याचबरोबर एक सवयही रुजली : वृद्धांच्या आरोग्याचा फोन दुसऱ्या कोणाकडे तरी असायचा.

त्यानंतर ही सवय अधिक घट्ट होत गेली. सप्टेंबर २०२१मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले आणि ‘आभा’ हा चौदा अंकी आरोग्य ओळख क्रमांक आला. तो ऐच्छिक आहे, उपयोगीही आहे. मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकारासाठी तीन ठिकाणी उपचार घेणाऱ्या माणसाचे जुने कागद एकत्र सापडणे ही डॉक्टरसाठी मोठी मदत असते. मात्र ओळख पटवणे, नोंदी जोडणे, त्या पाहण्यास संमती देणे हे बहुतेक सगळे मोबाइलवरून होते. फोन मुलाचा असेल तर संमती कोणाची? कागदावर ती आईची असते, प्रत्यक्षात मात्र ती मुलाच्या अंगठ्याखाली असते.

यात एक विसंगती रोज दिसते. बँका, पोलीस आणि वर्तमानपत्रे ज्येष्ठांना सतत बजावतात की ओटीपी कोणालाही सांगू नका. ते बरोबरच आहे. आणि त्याच ज्येष्ठाला रुग्णालयाच्या रांगेत काचेपलीकडून विचारले जाते, ‘आजोबा, ओटीपी काय आला, मोठ्याने सांगा.’ आजोबा घुटमळतात आणि मागचे लोक वैतागतात. खरे तर त्यांचे घुटमळणे हे शहाणपणाचे लक्षण आहे.

‘आईला फोन कळत नाही’

वृद्धांच्या हातून फोन काढून घेण्याचे समर्थन एका वाक्यात केले जाते : ‘आईला कळत नाही.’ वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने हे वाक्य बहुतेक वेळा चुकीचे असते. अडचण समजुतीपेक्षा डोळे, कान, बोटे आणि कामापुरत्या स्मृतीची असते आणि त्यातील बऱ्याच गोष्टींवर उपाय आहेत.

चाळिशीनंतर डोळ्यातल्या भिंगाची लवचीकता कमी होते आणि जवळचे दिसेनासे होते. पुढे मोतीबिंदू आला की रंगांतला फरक पुसट होतो. पांढऱ्या पडद्यावरची फिकट करडी अक्षरे तरुण डिझायनरला सुबक वाटतात, पण मोतीबिंदू असलेल्या डोळ्याला ती दिसतच नाहीत. बोटांचेही तसेच. मोबाइलचा पडदा बोटातून होणाऱ्या सूक्ष्म विद्युतबदलावर चालतो. वयानुसार त्वचा कोरडी होते, भांडी-धुण्याने बोटांची टोके घट्ट होतात आणि पडदा स्पर्श ओळखत नाही. मग बोट जोरात आणि जास्त वेळ दाबले जाते. फोन त्याला वेगळीच आज्ञा समजतो आणि भलतेच काही उघडते. मधुमेहाने बोटांची संवेदना मंदावली असेल किंवा हाताला कंप असेल, तर अडचण दुप्पट होते.

कानाची गोष्ट अधिक गंभीर आहे. वयानुसार येणाऱ्या बहिरेपणात आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स्वर ऐकू येतात, पण ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी व्यंजने हरवतात. ‘ऐकू येते, पण कळत नाही’ असे वृद्ध म्हणतात, ते अगदी अचूक वर्णन असते. त्यातच जुन्या पद्धतीच्या फोन-जोडणीतून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज जातो. ‘स’चा बराचसा जोर त्याहून वर असतो. म्हणजे कानाने गाळलेले अक्षर फोन पुन्हा एकदा गाळतो. फोनवर ‘साठ’ आणि ‘आठ’ यांत फरक फक्त एका ‘स’चा आहे. इन्सुलिनच्या युनिटच्या बाबतीत हा फरक जिवावर बेतू शकतो. म्हणून मात्रा फोनवर सांगितली की ती उलट म्हणून घ्यावी आणि मोठ्या अंकांत लिहून पाठवावी. व्हिडिओ कॉलवर बोलणाऱ्याचे ओठ दिसतात. कमी ऐकू येणाऱ्याला त्याचा मोठा आधार असतो. ‘बाबांना सारखा व्हिडिओ कॉलच हवा असतो’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असते.

ओटीपीचे त्रांगडे स्मृतीशी निगडित आहे. एका पडद्यावर आलेले सहा अंक लक्षात ठेवायचे, दुसऱ्या पडद्यावर जायचे आणि ठरावीक वेळेत ते भरायचे, ही कामापुरत्या स्मृतीची कसोटी आहे. ही क्षमता वयानुसार सगळ्यांचीच थोडी मंदावते. तो स्मृतिभ्रंश नव्हे. उलट, ‘लॅन्सेट’च्या स्मृतिभ्रंशविषयक आयोगाने २०२४मध्ये बदलता येण्याजोग्या ज्या १४ जोखीम-घटकांची यादी दिली, त्यात उपचार न केलेला दृष्टिदोष, बहिरेपणा आणि सामाजिक एकाकीपणा हे तिन्ही आहेत. चष्म्याचा नंबर तपासणे, मोतीबिंदू काढणे, श्रवणयंत्र लावणे यांमुळे फोन वापरता येतो, माणसे तुटत नाहीत आणि मेंदूचेही भले होते. फोन हिसकावून घेतल्याने यातले काहीच साधत नाही.

लिहिलेल्या ‘ठीक आहे’ला श्वास नसतो

चूक एकाच पिढीची नाही. मधल्या आणि तरुण पिढीने संवादातून आवाजच काढून टाकला आहे आणि आजाराच्या दृष्टीने ते मोठे नुकसान आहे. आवाज हे वैद्यकातले जुने साधन आहे. एका दमात पूर्ण वाक्य बोलता येत नसेल, तर धाप लागली आहे हे फोनवरूनही ओळखता येते. जीभ जड होऊन शब्द अडखळत असतील, तर पक्षाघाताची शंका घेता येते. कालपर्यंत तक्रारी सांगणारा आवाज आज एकसुरी आणि थकलेला वाटला, तर नैराश्याचा विचार करता येतो. ‘कशी आहेस?’ या संदेशाला ‘ठीक आहे’ असे उत्तर आले, तर त्यातून यापैकी काहीही कळत नाही. अंगठा वर केलेल्या चित्रावरून तर मुळीच नाही.

ठाकूर व्हिलेजच्या उंच इमारतीत एकटी राहणारी आई असो, चारकोपच्या बैठ्या घरातले वडील असोत की दामूनगरच्या वस्तीतली आजी असो, अचानक त्रास झाला की अलीकडे एक नवी पद्धत दिसते. आधी कुटुंबाच्या ग्रुपवर संदेश जातो : ‘हाताला मुंग्या येताहेत, तोंड वाकडे झाल्यासारखे वाटते.’ कोणी बैठकीत असते, कोणी लोकलमध्ये, परदेशातल्या लेकीकडे मध्यरात्र असते. जे वाचतात त्यांना वाटते, दुसऱ्याने फोन केलाच असेल. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो आणि त्याहीआधी रुग्ण पोहोचावा लागतो. हा वेळ निळ्या खुणांची वाट पाहण्यात जातो. चेहरा एका बाजूला ओढला जाणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे, छातीत दाबल्यासारखे दुखणे, दम लागणे यांपैकी काहीही झाले तर संदेश लिहू नये, १०८ला फोन करावा. महाराष्ट्रात २०१४पासून ही रुग्णवाहिका सेवा मोफत आहे. साध्या बटणांच्या फोनवरूनही तो नंबर लागतो. पाठोपाठ शेजारचे दार वाजवावे. मुंबईत अजूनही शेजारी न्यू जर्सीपेक्षा जवळ असतो.

फॉरवर्ड आणि गुड मॉर्निंग

ज्येष्ठांच्या फोनवरून दोन गोष्टी ठरल्याप्रमाणे येतात : आरोग्याचे सल्ले आणि सकाळचे फुलांचे चित्र. दोन्हींची थट्टा होते, पण दोन्ही एकाच मापाने तोलू नयेत.

सल्ल्यांतले काही खरोखर घातक असतात. ‘हृदयविकाराचा झटका आल्यास जोरजोरात खोकत राहा’ आणि ‘पक्षाघात झाल्यास बोटांच्या टोकांना सुई टोचून रक्त काढा’ हे दोन संदेश कित्येक वर्षे फिरत आहेत. खोकल्याने हृदयाची बंद पडलेली रक्तवाहिनी उघडत नाही आणि बोट टोचल्याने मेंदूतली गुठळी विरघळत नाही. दोन्हींत वाया जाते ती मोलाची वेळ. अफवेने माणसे मरतात हे महाराष्ट्राने वेगळ्या रीतीनेही पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेतून पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. देशभरातल्या अशा घटनांनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा आणली. मात्र कौटुंबिक ग्रुपवर ‘काका, हे खोटे आहे’ असे चारचौघांत लिहिल्याने काका दुखावतात आणि पुढच्या वेळी खरे दुखणेही लपवतात. तीच गोष्ट फोन करून, सावकाश सांगितली तर ऐकली जाते.

गुड मॉर्निंगचे मात्र वेगळे आहे. रोज सकाळी साडेसहाला येणारे गुलाबाचे चित्र म्हणजे ‘मी उठले, हात चालतो आहे, डोळ्यांना दिसते आहे’ असा निरोप असतो. एके दिवशी ते नऊपर्यंत आले नाही, तर ती बातमी असते. एकट्या राहणाऱ्या माणसासाठी ही फुकटची आणि विश्वासार्ह देखरेख आहे. अशा चित्रांना कंटाळून ग्रुपचा आवाज बंद करणाऱ्यांनी निदान आई-वडिलांचा संदेश वेगळा पाहावा आणि त्याला उत्तर द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५मध्ये दिलेल्या अहवालानुसार जगात सहांतील एक माणूस एकाकीपणाने ग्रासलेला आहे आणि १३ ते २९ वयोगटात हे प्रमाण १७ ते २१ टक्के आहे. म्हणजे सतत जोडलेली तरुण पिढीही एकटीच आहे. त्या उत्तराची गरज दोन्ही बाजूंना आहे.

कोणाला आधी कळावे?

‘पी.पी.’ नंबरचा सर्वांत अवघड प्रश्न निदानाचा आहे. गाठीच्या तपासणीचा अहवाल मुलाच्या फोनवर येतो. तो वाचतो, इंटरनेटवर शब्द शोधतो, भावंडांचा वेगळा ग्रुप तयार होतो आणि सगळे मिळून ठरवतात की आईला सांगायचे नाही. हेतू मायेचाच असतो. पण शस्त्रक्रिया, किरणोपचार, राहिलेल्या दिवसांचा आणि पैशांचा विचार हे सारे तिच्याच आयुष्याचे असते आणि त्या चर्चेत फक्त तीच नसते. दुसरीकडे क्षयरोग झालेल्या नव्या सुनेच्या नावापुढे नवऱ्याचा किंवा सासऱ्याचा नंबर असतो आणि तिने अजून घरात सांगितलेले नसते, ते एका संदेशाने जाहीर होते. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आणि त्याच वर्षीच्या एचआयव्ही-एड्सविषयक कायद्याने गोपनीयतेला स्पष्ट संरक्षण दिले आहे. इतर आजारांतही रुग्णाचे गुपित राखणे हे डॉक्टरचे जुने कर्तव्य आहे. ते कर्तव्य संगणकाच्या एका रकान्यात विरघळून जाता कामा नये.

तंत्रज्ञान सगळ्या पिढ्यांना आणि सगळ्या प्रकारच्या फोनना सामावून घेऊ शकते, याची उदाहरणे भारतातच आहेत. क्षयरोगासाठी वापरल्या गेलेल्या ‘९९डॉट्स’ पद्धतीत गोळी बाहेर काढली की पाकिटावर दडलेला फोन नंबर दिसतो. रुग्णाने त्यावर मोफत फोन लावला की गोळी घेतल्याची नोंद होते. वाचता न येणाऱ्यालाही ते जमते. मुंबईत काम करणाऱ्या ‘आरमान’ या संस्थेच्या ‘एममित्र’ सेवेत गरोदर स्त्रीला तिच्या भाषेत, तिने निवडलेल्या वेळी ध्वनिसंदेश येतात. मानसिक आरोग्यासाठीचा ‘टेलिमानस’ १४४१६ हा ऑक्टोबर २०२२पासूनचा मोफत क्रमांक साध्या फोनवरून लागतो. या तिन्हींत माणसाच्या हातात असलेला फोन आणि त्याला येणारी भाषा आधी पाहिली गेली.

रुग्णालयांना करता येण्याजोगे बदल महागडे नाहीत. केसपेपरवर एकाऐवजी दोन नंबर असावेत : एक रुग्णाचा आणि दुसरा मदतनीसाचा. दुसऱ्यापुढे नाते लिहावे आणि त्याला काय कळवायचे हे रुग्णाला विचारून नोंदवावे. रुग्णाकडे फोनच नसेल तर ‘नाही’ लिहिण्याची मोकळीक असावी आणि त्यावाचून त्याचा केसपेपर अडू नये. अहवालाची लिंक गेली तरी मागेल त्याला छापील कागद मिळावा. औषधांची मात्रा मराठीत आणि ठळक अक्षरांत असावी. पुढची तारीख लिंकवर न सोपवता तोंडी सांगून रुग्णाकडून वदवून घ्यावी.

घरातले बदल त्याहून सोपे आहेत. फोन शिकवताना तो आपल्या हातात घेऊ नये. आजीच्याच हातात ठेवून, तिच्याच बोटाने, रोज एकच गोष्ट शिकवावी. अक्षरे मोठी करावीत, आवाज वाढवावा, १०८ आणि दोन शेजाऱ्यांचे नंबर पहिल्या पडद्यावर ठेवावेत. चालू औषधांची यादी कागदावर लिहून फ्रिजवर आणि तिच्या पाकिटात ठेवावी, कारण कागदाची बॅटरी संपत नाही. दिवसातून एकदा लिहिण्याऐवजी बोलावे. आणि नंबर मुलाचाच द्यायचा असेल, तर आलेला प्रत्येक संदेश त्याच दिवशी तिला वाचून दाखवावा, अगदी नको असलेला अहवालसुद्धा. तो कधी, कोणासमोर आणि किती ऐकायचा, हे तिला आधी विचारून ठेवावे. हे विचारण्याची योग्य वेळ तपासणीला जाण्यापूर्वीची असते. अहवाल आल्यानंतर ते विचारणे कोणालाच जमत नाही.